५ किमीची सामुदायिक दौड, ताईसोबत धावायचंय. सल्ला हवा

अबोली_
नमस्कार. पुढच्या महिन्यात ५ किमीची एक सामुदायिक दौड आहे. स्पर्धा कमी आणि उत्सव जास्त असा थाट. वाटेत गाणी-वाजवणं, वेशभूषा, चालणारे, पळणारे, चाकाच्या खुर्चीवरचे, बाबागाडीवाले, सगळ्यांना प्रवेश. मी आणि माझी मोठी बहीण नाव नोंदवतोय. ताईला दिसत नाही. आम्ही रोज बरोबर चालतो, मधेमधे पळतोही, पण एवढ्या गर्दीत कधी पळालेलो नाही.

गर्दीत तिला नीट कसं न्यावं? सुरुवातीला कुठे उभं राहावं? बूट नवे घ्यावेत का? बजेट म्हणाल तर दोघींत मिळून एक साधा जोड, त्यापलीकडे काही नाही. घड्याळ वगैरे सुचवू नका, प्लीज. आणि हो, ताईला फुलपाखरू व्हायचंय. डावा पंख तिच्या खांद्याला, उजवा माझ्या. जमेल का?

रानवारा
अभिनंदन! पण घड्याळ घ्याच. माझं मनगटावरचं घड्याळ नाडीचे ठोके, वेग, चढ, सगळं दाखवतं. त्याच्यामुळेच मी सुरुवातीला उधळायचा थांबलो. एकदा खर्च, मग वर्षानुवर्षं चिंता नाही.

पहाटपक्षी
घड्याळ नंतर, आधी बूट. आणि साधे नकोत. कार्बनची पट्टी असलेले घ्या, पाय आपोआप पुढे पडतो. मी घेतल्यापासून माझी वेळ सतत सुधारतेय. मागच्या दौडीत आमच्या गटात पहिल्या दहांत आलो.

टाचदुखी
पहाटपक्षी, त्यांनी साधा जोड म्हटलंय. आणि ते बूट वेगासाठी असतात, बोलत-बोलत ५ किमी करणाऱ्याला काय उपयोग?

अबोली, माझा अनुभव सांगतो. दौडीच्या आदल्या दिवशी नवे बूट आणले. दुकानदार म्हणाला, मापात आहेत. तिसऱ्या किलोमीटरला टाचेला फोड, घरी आल्यावर अंगठ्याचं नख काळंनिळं. तेव्हा घ्यायचेच असतील तर आत्ताच घ्या, संध्याकाळी जाऊन घ्या (दिवसभरात पाय थोडे सुजतात), आणि पुढे अंगठ्याएवढी जागा सुटतेय ना ते उभं राहून बघा. सुती मोजे टाळा, घाम धरून ठेवतात आणि घासतात. पण रोज चालता ते बूट त्रास देत नसतील तर नवे कशाला?

जुना_खेळाडू
बुटांचं स्तोम माजलंय नुसतं. अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. आम्हीही शाळेत अनवाणीच पळायचो.

निळू
काका, तोच बिकिला १९६४ ला टोकियोत बूट घालून धावला आणि पुन्हा सुवर्ण जिंकला. अर्धीच गोष्ट नका सांगू.

जुना_खेळाडू
बूट घालूनही जिंकला म्हणजे बूट हे कारण नव्हतंच. माझाच मुद्दा सिद्ध झाला.

मंजिरी_म
मूळ प्रश्नाकडे वळूया का? मी दृष्टिहीन धावकांसोबत गाईड म्हणून धावते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

दोघींच्या मधे एक छोटी दोरी, दोन्ही टोकांना फास. एक टोक ताईंच्या हातात, एक तुमच्या. ती ओढायची नाही. पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये तर गाईडने धावकाला ओढणं नियमबाह्य आहे आणि अंतिम रेषा धावकाने आधी ओलांडायची असते. तुमची दौड तशी नाही, पण सवय तीच ठेवा: वेग ताईंचा, तुम्ही फक्त डोळे.

जवळचे हात एका लयीत हलले पाहिजेत. ताई डावीकडे असतील तर त्यांचा उजवा पाय आणि तुमचा डावा पाय एकदम पुढे. दोन-तीन दिवसांत जमतं.

बोलणं सगळ्यात महत्त्वाचं. "सांभाळ!" असं ओरडू नका. त्यातून काहीच कळत नाही, माणूस फक्त दचकतो. "गतिरोधक येतोय, तीन, दोन, एक, वर" असं सांगा. वळण असेल तर दिशा, आणि ते काटकोनी की हळूहळू, हेही. आणि नुसते धोकेच सांगत बसू नका! "उजवीकडे लहान मुलं हात पुढे करून उभी आहेत, टाळी द्यायची?" असं विचारा. उत्सव त्यांच्यापर्यंत पोचायला हवा.

आणखी एक. एकदा तुम्ही डोळ्यांवर पट्टी बांधा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुम्हाला न्यायला सांगा. कुठल्या सूचना उशिरा येतात ते लगेच कळेल.

चालतंय_की
+१ मंजिरी. दोरी हवीच. आणि ओढू नका.

रानवारा
मंजिरी, छान लिहिलंय. वेग ताईंचा ठेवायचा म्हणजे तो मोजायला घड्याळ लागेलच.

मंजिरी_म
नाही लागत. दोघींना पूर्ण वाक्यं बोलता येत असतील तर वेग बरोबर आहे. धाप लागून शब्द तुटले की चालायचं. तुम्हाला तर सतत बोलायचंय, त्यामुळे ताईंपेक्षा तुमचा दम जास्त हवा.

पहाटपक्षी
उभं राहण्याबद्दल: अगदी पुढे राहा. लवकर जाल तर जागा मिळते. मागे राहिलात तर सुरुवातीची रेषा गाठण्यातच मिनिटं जातात.

टाचदुखी
पुढे अजिबात नको, मागून लोंढा येतो. बिबमध्ये (छातीवर लावायच्या नंबरात) वेळ मोजणारी चिप असेल तर तुमची वेळ रेषेवरची चटई ओलांडल्यावरच सुरू होते, मागे राहून काही बुडत नाही.

मंजिरी_म
आयोजकांना आधी कळवा. बऱ्याच ठिकाणी खुर्चीवाल्यांना आणि गाईडसह धावणाऱ्यांना थोडं आधी सोडतात. गाईडला वेगळं नाव नोंदवावं लागतं का, तेही विचारा. "गाईड" लिहिलेलं जॅकेट मिळालं तर घाला, लोक वाट देतात.

निळू
सगळ्यांना प्रवेश हे वाचून बरं वाटलं. पूर्वी असं नव्हतं. बोस्टन मॅरेथॉनला बायकांना अधिकृत प्रवेश १९७२ ला मिळाला, त्याआधी कॅथरीन स्विट्झर धावणारी पहिली बाई.

जुना_खेळाडू
आता तुम्ही अर्धी गोष्ट सांगताय. स्विट्झर १९६७ ला नंबर लावून धावली, पण १९६६ ला बॉबी गिब बिनानंबरची पूर्ण धावून गेली होती. आणि १९७६ ला न्यूयॉर्कला डिक ट्रॉमने कृत्रिम पायाने मॅरेथॉन पूर्ण केली. दिव्यांग धावकांसाठी पुढे त्यानेच संस्था काढली.

निळू
गिबबद्दल मान्य. ट्रॉमबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद काका.

टाचदुखी
पंखांचं राहिलंच. नको. गर्दीत शेजाऱ्याला लागतील, वाऱ्यात फडफडतील, खांद्याला पट्टा घासेल. आणि नवे बूट दौडीच्या आधी घालून बघा, हे परत सांगतो.

चालतंय_की
+१, पंख नकोच. बूट आधी घालून बघा.

मंजिरी_म
माझंही मत पंखांच्या विरुद्धच. तुमचं लक्ष ताईंवर हवं, कपड्यांवर नको.

रानवारा
पाण्याचं कुणी बोललंच नाही. भरपूर प्या, दर टेबलाला थांबा. मी तर बाटलीचा पट्टाच बांधतो.

टाचदुखी
५ किमीला तहान लागेल तेवढंच. गरजेपेक्षा जास्त पाणी ढोसून रक्तातलं सोडियम घसरणं, हा त्रास मॅरेथॉनवाल्यांमध्ये दिसलेला आहे. पण टेबलाजवळ सांडलेलं पाणी आणि ग्लास असतात, तिथे चालतच जा.

अबोली_
सगळ्यांचे मनापासून आभार. मंजिरीताई, तुमचा प्रतिसाद ताईला दोनदा वाचून दाखवला. टाळ्यांचा भाग ऐकून ती खूश झाली. आजच पट्टी बांधून बाहेर पडले. भाऊ नेत होता आणि पायरी आल्यावर सांगत होता. आल्यावर!

ठरलं ते असं. नवे बूट घेत नाही, रोजचेच. लवकर सोडत असले तरी तो पर्याय ताईला नकोय, तिला सगळ्यांच्या आवाजात सुरुवात करायचीय. म्हणून सगळ्यांत मागून निघू. आणि पंख लावणार. ही दौड तिची आहे, आणि तिने पहिल्या दिवशी जे मागितलं ते पंखच होते. बुटांचे पैसे जाळीच्या कापडाला. काड्या नाहीत, काठ मऊ, कोपराच्या पुढे जाणार नाहीत इतके छोटे. या रविवारी ते लावून पूर्ण अंतर करून बघू. घासलं तर पट्टा बदलू.

एकच शंका, दोरी सुती चालेल ना?

मंजिरी_म
चालेल. ताणणारी नको, नाहीतर हाताची हालचाल उशिरा कळते. फास मनगटात अडकवू नका, बोटांत धरा, म्हणजे एकीचा तोल गेला तर दुसरीला सोडता येईल. आणि पंख बाहेरच्या खांद्यांनाच शिवा, आतला हात मोकळा हवा.