मधली आडभिंत: एकटेपणातून बाहेर येतानाचे तुमचे अनुभव लिहा

जय ख्रिस्त, मंडळी.

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले. आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, आजी एसपीजीवाल्यांची, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनवाल्यांची लेक. लग्नानंतर आजोबांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तिला करमेना, आणि माहेरच्या देवळात गेली तर बायका सरकून बसायच्या. प्रभू एकच, पण उपासनेची रीत वेगळी. तेवढ्यानं ती दोन्हीकडे परकी झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात या दोन्ही परंपरा आल्या. तेव्हा आजी म्हणाली होती, "आता माझं माहेर-सासर एका बाकावर बसेल." बसायला पुढं बरीच वर्षं लागली, हेही खरं.

बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो, ख्रिस्तानं मधली आडभिंत पाडली. तुमच्या घरातली, मंडळीतली, मनातली अशी भिंत कधी पडली असेल तर लिहा. अजून उभी असेल तरी लिहा. उपदेश नको, घडलं ते सांगा. कुणाची नावं घेऊ नका. आलेले काही अनुभव खाली देत आहोत.

*

मी वसईची, तिथल्या कॅथलिक कुपारी समाजातली. वडील गेल्यावर वाडीच्या वाटणीवरून थोरल्या भावाचं आणि माझं फाटलं. विहीर कुणाच्या हद्दीत येते, एवढाच वाद. सात वर्षं आम्ही एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्साला, म्हणजे उपासनेला, जात होतो. तो डावीकडे बसला की मी उजवीकडे. एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की मागच्यापुढच्या सगळ्यांना हात जोडायचे, फक्त त्या बाजूला मान वळवायची नाही. या काळात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली, मुलगी दहावीला होती, आणि रडायला माहेर नव्हतं. चर्च माणसांनी भरलेलं असायचं आणि मी त्यात एकटी.

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात फादरांकडे पापनिवेदनाला गेले. मनातला राग सांगितला. त्यांनी बायबलातल्या मत्तयाचा पाचवा अध्याय काढायला सांगितला: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. मी म्हटलं, "फादर, दुसरं कुठलंही प्रायश्चित्त द्या." ते गप्प राहिले. त्यांचा राग आला मला. तीन रविवार मी कम्युनियन (मिस्सातला प्रसाद) घेतलं नाही, घेववेना.

पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी झाला आणि मी घरी न जाता थेट त्याच्याकडे गेले. वहिनीनं दार उघडलं. "दादा, मला विहीर नको," एवढंच बोलता आलं. तो उठला, मागून केळ्यांचा घड घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "आपल्या वाडीतला आहे." आपल्या! हा शब्द मी सात वर्षांनी ऐकत होते. विहीर आजही त्याच्याच नावावर आहे. पाणी दोघांना पुरतं.

*

श्रीरामपूर तालुका. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, वस्ती मात्र तीच राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे आम्हा ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, पण गाव आमची जात विसरलेलं नाही. जयंतीच्या मिरवणुकीत पोरं म्हणायची, तुम्ही चर्चवाले. शहरातल्या मंडळीत जुनी शिकलेली घराणी विचारायची, कुठल्या वस्तीतले? कॉलेजात मी कुणाशी बोलेनासाच झालो. प्रार्थनाही बंद.

सप्टेंबरात आई मला हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या यात्रेला घेऊन गेली. रात्री मैदानातच पथारी. एका अंगाला बौद्ध कुटुंब, दुसऱ्या अंगाला नवस फेडायला आलेली एक म्हातारी. तिनं भाकरी-ठेचा पुढं केला, नाव विचारलं. आडनाव नाही विचारलं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी देवाशी बोललो, आणि बोललो म्हणजे भांडलोच. पण बोललो.

आता मी संडे स्कूल घेतो. कुणाला पटो न पटो, माझं म्हणणं आहे की एकीच्या गोष्टी करण्याआधी आपल्या मंडळ्यांनी आपल्यातली जात बाहेर काढावी.

*

मिरज. पत्नी २०२० मध्ये गेली. लॉकडाऊन होता, दफनाला मोजकीच माणसं. देवळं उघडल्यावरही गीत सुरू झालं की माझा गळा दाटायचा, म्हणून जाणं सोडलं. मग मंडळीतले दोघं दर बुधवारी घरी येऊ लागले. दोन मिनिटं प्रार्थना, मग नुसते बसायचे. चहाही तेच करायचे. एका बुधवारी त्यांनी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक भजन धरलं आणि दुसऱ्या ओळीला माझा आवाज निघाला.

*

नागपूर. माझी भिंत अजून उभी आहे.

घरात मी एकटीच ख्रिस्ती. बाप्तिस्मा घेतला तेव्हा आईनं माझं ताट वेगळं केलं, बाबांनी बोलणं टाकलं. पण मीही नव्या विश्वासाच्या भरात आईच्या देव्हाऱ्याबद्दल नको ते बोलले होते. लोक माझा छळ झाला म्हणतात, तेव्हा मला ते शब्द आठवतात.

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मंडळीत त्यांच्या बाप्तिस्म्याबद्दल पुष्कळ बोलतात. मला मधल्या वर्षांचं जास्त वाटतं. इतकं दुरावून, इतकं भांडूनही ते नातं त्यांनी तुटू दिलं नाही.

प्रार्थनेत मी आईचं मन बदल म्हणत असे. एक दिवस ते मागताच येईना. आईला पत्र लिहिलं, माफी मागितली. विश्वासाबद्दल नाही, त्या शब्दांबद्दल. उत्तर आलं नाही. दर भाऊबीजेला जाते. भाऊ बाहेरच्या खोलीत ओवाळून घेतो, मी निघते. या वर्षी आई बाहेर आली. माझ्याशी बोलली नाही. माझ्या मुलाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि आपल्या ताटात जेवायला बसवलं.