मुलगी बारावी सायन्सला, प्रिलिमला मार्क कमी, म्हणते इंजिनिअरिंग नको. बोर्ड महिन्यावर आलंय, काय करू?

भांडुपची आई

नमस्कार. थोडं लांब लिहिते, कारण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सल्ला देता येणार नाही.

भांडुप पश्चिमेला माझं पोळीभाजी केंद्र आहे. मिस्टर टेम्पो चालवतात. आम्ही दोघंही दहावीपर्यंतच शिकलेले. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएम आणि बायो. दहावीला ८९ टक्के पडले तेव्हा जो तो म्हणाला सायन्सच घ्या. मग इंटिग्रेटेड क्लास लावला, म्हणजे बारावी आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी एकत्र. दोन वर्षांचे १ लाख ८० हजार, त्यातले ६० हजार माझ्या भिशीचे. सकाळी सातला घर सोडते ती दुपारी तीनला येते, संध्याकाळी पुन्हा टेस्ट. कॉलेजात जाणं होतं ते प्रॅक्टिकलपुरतं.

गेल्या आठवड्यात प्रिलिमचे मार्क आले. फिजिक्स ७० पैकी २१, केमिस्ट्री ३०, मॅथ्स ८० पैकी २६, बायो ७० पैकी ३८. इंग्रजीत ८० पैकी ६१ आणि मराठीत ६८. रात्री जेवताना तिने ताटाकडे बघतच सांगितलं, "मला इंजिनिअरिंग नाही करायचं. मला सायकॉलॉजी करायचंय." हे म्हणाले, "मग दोन वर्षं काय केलंस?" त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच दहा बाय बाराच्या खोलीत.

पूर्वी संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसून दहा-दहा पोळ्या मोजून पाकिटं करायची आणि दिवसभरातलं सगळं सांगायची. बारावी लागल्यापासून मीच तिला बोलवत नाही, अभ्यास बुडेल म्हणून. आता ती पुस्तक उघडून बसलेली असते, पण तासाभराने बघितलं तरी पान तेच. अर्धी पोळी खाते आणि उठते.

सायन्सची मुलगी आर्ट्सला जाऊ शकते का? शेजारच्या काकी म्हणतात वर्ष फुकट जातं. क्लास आत्ताच बंद करावा का? सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा की नाही? आम्ही ओबीसी आहोत, त्याचे काही कागद लागतात का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मला तिच्या पुस्तकातलं एक अक्षर कळत नाही. मग या महिन्यात आई म्हणून मी करू काय?

---

फिजिक्सच्या बाई, दादर (निवृत्त)

ताई, मी २९ वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं.

आधी मार्कांचं. प्रिलिमचे हे आकडे फक्त लेखीचे आहेत. बोर्डात फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोला प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे, मॅथ्स आणि भाषांना २० गुण वेगळे. प्रॅक्टिकल लेखीच्या आधी होतात, म्हणजे आता तोंडावर आहेत. आज तिचं जर्नल उघडायला सांगा. प्रत्येक प्रयोगावर सही आहे का, सर्टिफिकेटचं पान भरलंय का, एवढं तुम्हालाही बघता येईल. दरवर्षी चांगली मुलं इथे गुण घालवताना मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला.

आता माझा अंदाज सांगते, तिला विचारून खात्री करा. दोन वर्षं क्लासमध्ये तिने चार पर्यायांतून एकावर खूण करण्याचा सराव केला असणार. तीन तास सलग लिहिण्याचा हात तिला राहिलेला नाही. भाषांमध्ये मार्क आहेत म्हणजे पोरीला मांडता येतं. सायन्सच्या पेपरात मात्र तिला पहिलं वाक्य सुचत नसावं. ही बुद्धीची कमतरता नाही, सवय मोडलेली आहे. ती चार आठवड्यांत परत लावता येते.

फिजिक्सचा ७० गुणांचा पेपर कसा असतो ते तुम्हीही समजून घ्या, फार अवघड नाही. सुरुवातीला १० गुणांचे पर्यायी प्रश्न आणि ८ गुणांचे एका वाक्यातले. मग २ गुणांचे १२ प्रश्न, त्यातले ८ लिहायचे. ३ गुणांचे १२, त्यातलेही ८. शेवटी ४ गुणांचे ५, त्यातले ३. म्हणजे सोडून द्यायला भरपूर जागा आहे. पाठ्यपुस्तकात १६ धडे आहेत. रोटेशनल डायनॅमिक्स पहिला आहे म्हणून मुलं तिथून सुरू करतात आणि तिथेच अडकतात. तिला उलटं जाऊ द्या: सेमीकंडक्टर, अणू आणि अणुकेंद्र, ड्युअल नेचर, मॅग्नेटिक मटेरियल्स. हे धडे तुलनेने आटोपशीर आहेत. दोन दिवसांत एक धडा हातावेगळा झाला की पोर पुन्हा पुस्तकाकडे वळते. बालभारतीच्या पुस्तकात धड्याखाली जे प्रश्न आहेत ते लिहून काढायचे. क्लासच्या जाडजूड नोट्स सध्या माळ्यावर टाका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कुठल्या दाराला कुठले मार्क लागतात हे घरात तिघांनाही माहीत हवं. इंजिनिअरिंगचा प्रवेश एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो. बारावीत पीसीएमला मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०, तेवढे असले की बोर्डाचं काम संपलं. बी. ए.चं उलटं आहे. तिथे बहुतेक ठिकाणी मेरिट लिस्ट बारावीच्या एकूण गुणांवर लागते, सहाच्या सहा विषय धरून. मराठीचे ६८ आणि इंग्रजीचे ६१ इंजिनिअरिंगला कोणी विचारत नाही, पण सायकॉलॉजीच्या दारात तेच तिला वर नेतील. म्हणजे ज्या मुलीला बोर्डाच्या गुणांची गरज आहे, ती दोन वर्षं दुसऱ्याच परीक्षेची तयारी करत होती. हे मिस्टरांना शांतपणे सांगा. "काय केलंस" याचं उत्तर यात आहे.

सायन्समधून आर्ट्सला रीतसर जाता येतं, वर्ष फुकट जात नाही. शेजारच्या काकींचं मनावर घेऊ नका.

सीईटीचा फॉर्म मात्र भरून ठेवा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि परीक्षा बोर्डानंतर असते. बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत सीईटी हा शब्द घरात नको. त्यानंतर द्यायची की नाही हे तिने ठरवायचं.

आणि पोळ्या मोजायला तिला बोलवा. अर्धा तास. अभ्यास बुडत नाही त्याने. तुम्ही तिचं बोलण्याचं ठिकाणच काढून घेतलंत, प्रेमानेच, पण काढून घेतलंत. तरीही खाणं-झोप सुधारली नाही, किंवा ती जिवाचं काही वेडंवाकडं बोलली, तर वाट बघू नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन मोफत आहे. तुम्ही स्वतः केलात तरी चालतो.

---

विक्रोळीचे बाबा

ताई, कागदांचं मी सांगतो, कारण त्यात मी पोळलोय.

आम्हीही ओबीसी. गेल्या वर्षी मुलाला सीईटीत ९१ पर्सेंटाइल. माझ्याकडे नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे ओबीसी सवलतीला लागणारं प्रमाणपत्र होतं, फाइलमध्ये नीट ठेवलेलं. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या पडताळणीत कळलं की ते ३१ मार्चला संपलंय. प्रवेश जून-जुलैत असतो आणि त्यांना पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. नवीन वेळेत हातात आलं नाही, मुलाला खुल्या प्रवर्गात मोजलं, आणि जे कॉलेज त्याने पहिल्या नंबरला टाकलं होतं ते गेलं. पोराने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याचंच जास्त लागतं.

म्हणून आज तारीख बघा. संपत असेल तर सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करा. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला सोबतच काढा. मे महिन्यात सगळी मुंबई त्याच रांगेत उभी असते.

जात वैधता हे जातीच्या दाखल्यापेक्षा वेगळं प्रमाणपत्र आहे. त्याचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजच्या शिफारशीने जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो. कॉलेज नावालाच असेल तर हे सांगणारं तिथे कोणी भेटत नाही, ऑफिसात स्वतः जाऊन विचारा. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुतेकदा आजोबांचा शाळेचा दाखला किंवा रजिस्टरचा उतारा, तोही वडिलांच्या बाजूचा. गावी फोन आजच करा. आमचा उतारा यायला दीड महिना गेला, कारण जुनं रजिस्टर दुसऱ्या शाळेत हलवलं होतं.

फी बघून तिने मन बदललं असेल तर हेही तिला सांगा. २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तिने आवड म्हणून सायकॉलॉजी निवडली की तुमची भिशी बघून, हे एकदा हळूच विचारा.

---

सेकंड इयर, सायकॉलॉजी

काकू, मी अगदी तुमच्या मुलीच्या जागी होते. ठाण्याला राहते, बारावी सायन्स ६१ टक्के, आता माटुंग्याला एस. वाय. बी. ए. करतेय.

आधी व्यवहाराचं. सगळ्या आर्ट्स कॉलेजांत सायकॉलॉजी मेजर म्हणून घेता येत नाही, आणि जिथे येतं तिथे जागा कमी. म्हणून आत्ताच यादी करा. निकालानंतर मुंबई विद्यापीठाच्या साइटवर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते, मग प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा. रुईया, झेवियर्ससारख्या स्वायत्त कॉलेजांच्या तारखा आणि पद्धत आपापली असते, ती त्यांच्याच साइटवर बघायची. तिला हेही माहीत हवं की बी. ए. झालं म्हणजे लगेच कोणी समुपदेशक होत नाही. एम. ए. करावंच लागतं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर त्यापुढचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. वाट लांब आहे. मला माहीत असून मी घेतली आणि मला आवडतेय. आमच्याकडे स्टॅटिस्टिक्स येतं तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणी घाबरतात, मला मात्र बारावीचं मॅथ्स उपयोगी पडतं. तिचीही दोन वर्षं वाया गेलेली नाहीत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. माझी आई सातवी शिकलीय. तिने एकच केलं. रविवारी अकराला घड्याळ समोर ठेवायची, मला जुना बोर्डाचा पेपर द्यायची आणि दोन वाजता कागद काढून घ्यायची. मधले तीन तास माझ्या समोर बसून लसूण सोलायची, तांदूळ निवडायची. टीव्ही बंद, तिचा फोन बंद. पहिल्या रविवारी मी दीड तासात पेन खाली ठेवलं आणि रडले. ती म्हणाली, "दोन वाजेपर्यंत बसायचं ठरलंय ना, बसू." आम्ही नुसत्या बसलो. चौथ्या रविवारी मी पुरवणी मागितली. कागद कोण तपासणार हा प्रश्नच नव्हता, मी स्वतः पुस्तक घेऊन तपासायचे.

बाबा माझ्याशी दिवाळीपर्यंत नीट बोलत नव्हते. मग एकदा मी त्यांना कॉलेजात घेऊन गेले. त्यांनी फीचा बोर्ड वाचला, लायब्ररी बघितली, शिपाईकाकांशी गावाच्या गप्पा मारल्या. घरी येताना दादरला वडापाव खाल्ला. फारसं काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माझा ट्रेनचा पास त्यांनीच काढून आणला. काकांना एकदा कॉलेज दाखवा. बाबांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही, यात त्यांचा दोष नाही.

---

भांडुपची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण कामाला लागले होते.

जर्नलमध्ये फिजिक्सच्या दोन प्रयोगांवर सही नव्हती. परवा ती जाऊन घेऊन आली. बाई, तुमचा अंदाज खरा निघाला. तिला विचारलं तर म्हणाली, "आई, मला येतं गं, पण लिहायला सुरुवात कुठून करू ते कळत नाही."

नॉन-क्रिमीलेअर काढून बघितलं, या ३१ मार्चलाच संपतंय. दादा, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. संगमेश्वरला दिरांना फोन केलाय, सासऱ्यांच्या शाळेत उद्या जातो म्हणाले.

काल संध्याकाळी तिला पोळ्या मोजायला हाक मारली. आली. वीस मिनिटं गप्पच होती. मग हळूहळू सगळं बोलली. शाळेत असताना तिची एक मैत्रीण आजारी पडली होती, तेव्हापासून तिच्या मनात हे होतं. फीचंही विचारलं. म्हणाली, फी माफ असली तरी मला हेच करायचंय.

यांना मी मार्कांचं सांगितलं, कुठल्या दाराला कुठले मार्क लागतात ते. ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. आज टेम्पो लावून वर आले तेव्हा हातात फुलस्केप कागदांचा अख्खा गठ्ठा होता. तिच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कमी पडले तर सांग." ती "हो बाबा" म्हणाली.

उद्या रविवार. केंद्र दुपारी दोननंतर उघडेन, गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलंय. अकराला केमिस्ट्रीचा पेपर लावणार आहे. निवडायला पाच किलो तांदूळ काढून ठेवलाय.