लिफ्ट केलेल्या टॅकोमाला कुठले टायर घेऊ? बाबांच्या कंबरेला सोसायला हवेत

वाईची_माती

नमस्कार मंडळी. मी मूळची वाईची, सध्या कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला असते. शेतातल्या मातीचे नमुने घेणं हे माझं काम. त्यासाठी मागच्या वर्षी २०१७ची टोयोटाची टॅकोमा पिकअप, टीआरडी ऑफ-रोड, डबल कॅब, सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने ती तीन इंच उचलून घेतली होती आणि १६च्या रिम काढून १७च्या बसवल्या होत्या. त्यावर २८५/७०आर१७चे टायर आहेत (रुंदी २८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंच). कंपनीचं मूळ माप २६५/७०आर१६. इंजिन, गिअर, सगळं छान आहे. गाडी मला मनापासून आवडते.

अडचण एकच, गाडी आपटते. आय-२५ महामार्गावर काँक्रीटचे सांधे आहेत, त्यातला प्रत्येक सांधा मणक्याला कळतो. वेल्ड काउंटीत पॉनी ग्रासलँडच्या बाजूला खडीचे रस्ते आहेत, पन्हाळी पत्र्यासारखे. तिथे ३५ मैलांच्या वर गेलं की मागचं टोक बाजूला सरकतं.

मी एकटी असते तेव्हा चालवून घेते. पण मे महिन्यात बाबा येणार आहेत. वय ७४, दोन वर्षांपूर्वी कंबरेचं ऑपरेशन झालंय. मागच्या खेपेला डेन्व्हर विमानतळावरून घरी येताना ते सत्तर मैल वरची मूठ धरून बसले होते. सांधा जवळ आला की हाताच्या जोरावर स्वतःला सीटवरून जरासं उचलून घ्यायचे. तोंडातून एक शब्द काढला नाही. मला ते आरशात दिसत होतं.

टायर तसेही बदलायला आलेत. दुकानात गेले तर समोरच्याने आधी विचारलं, दिसायला कसे हवेत? मला दिसण्याचं काही नाही. गाडी मऊ चालली पाहिजे, खडीवर निभावलं पाहिजे आणि बर्फातही चाललं पाहिजे. कुठले घेऊ?

ह्यूस्टनकर

ताई, माझ्याकडे फोर्डची एफ-१५० पिकअप आहे, तीही उचललेली. आधी मड टेरेन होते, चिखलासाठीचे, मोठ्या ठोकळ्यांचे. काढून साधे हायवेचे घातले, आवाज निम्म्यावर आला. तुम्ही मिशेलिनचा डिफेंडर एलटीएक्स घ्या आणि विषय संपवा. तोवर हवा २५वर आणून चालवा, लगेच फरक पडेल.

रबरात_२६_वर्षं

वाईची_माती, मी ओहायोत टायरच्या चाचणी विभागात २६ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. ह्यूस्टनकरांनी आवाजाचं सांगितलं ते बरोबर. पण आवाज वेगळा आणि आदळणं वेगळं. ठोकळे मोठे असले की घोंघावतं. आदळतं ते मुख्यतः टायरच्या बाजूच्या भिंतीमुळे आणि आतल्या हवेमुळे. आणि महामार्गावर २५ नको. कमी हवेत टायरची बाजू सारखी दुमडते आणि तापते. उन्हाळ्यात, भरल्या गाडीत, ७५च्या वेगाला टायर असेच फुटतात. चाळणीसारखी झालेली भिंत मी टेबलावर कापून बघितलेली आहे. त्यामुळे हा सल्ला मला कुणालाही द्यावासा वाटत नाही.

तुम्ही चार गोष्टी बघून सांगा. एक, मापाच्या आधी 'एलटी' (लाइट ट्रक) लिहिलंय का, आणि 'लोड रेंज'पुढे कुठलं अक्षर आहे. दोन, 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे. तीन, आत्ता हवा किती आहे, सकाळी गार टायरमध्ये मोजलेली. चार, चाक खड्ड्यात खाली जाताना पुढून 'टक्' असा लोखंडी आवाज येतो का? वर येताना नव्हे, खाली जाताना.

आणि गाडीत ओझं किती असतं?

वाईची_माती

आज सकाळी सहाला, २८ फॅरनहाइटमध्ये, गुडघ्यावर बसून बघितलं.

एलटी लिहिलंय. लोड रेंज ई. डीओटीचे शेवटचे आकडे २३१८. हवा चारही चाकांत ४८. टक् आवाज येतो! मला वाटत होतं स्टेअरिंगमध्ये काहीतरी ढिलं आहे.

ओझं फार नसतं. मातीच्या पिशव्या, ऑगर (माती काढायचं गिरमिट), पाण्याचे कॅन, सगळं मिळून दीडशे किलो. फार तर दोनशे.

रबरात_२६_वर्षं

मग निदान बरंचसं झालं. जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

२३१८ म्हणजे २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर कडक झालेलं असणार. बदलायचं ठरवलंत ते योग्यच.

आता ते 'ई' अक्षर. याला बाजारात टेन-प्लाय म्हणतात. आत खरोखर दहा थर नसतात, ती जुनी मोजणी आहे. पण भिंत जाड असते आणि ८० पीएसआय हवा धरायची ताकद असते. तुमच्या मापात ई म्हटलं की भार निर्देशांक साधारण १२१ येतो, म्हणजे एका चाकावर १४५० किलो. तो टायर जड ट्रेलर ओढणाऱ्या पाऊण टनी आणि एक टनी पिकअपांसाठी बनलेला आहे. तुमच्या एका चाकावर त्याच्या निम्मंही वजन नाही. भिंत दबायला वजनच मिळत नाही, मग ती दबत नाही आणि धक्का जसाच्या तसा वर पाठवते. त्यात ४८ हवा. टायर हाही गाडीचा एक स्प्रिंगच आहे, रस्त्याला पहिला लागणारा. तोच तुम्ही ताठ करून ठेवलाय.

दुसरी गोष्ट चाकाचं वजन. जड चाक एकदा वर उडालं की शॉकअ‍ॅब्सॉर्बरला ते वेळेत खाली आणता येत नाही. तोवर पुढची पन्हाळ येते. चाक रस्त्याला टेकतच नाही, म्हणून मागचं टोक सरकतं.

म्हणून टायर बघताना नक्षी आणि कंपनी नंतर, आधी अक्षर बघा. तुम्हाला ई नको. डी नको. खडी धारदार असती तर सी म्हटलं असतं. तुम्हाला 'एसएल', म्हणजे स्टँडर्ड लोड पुरे. २६५/७०आर१७ घ्या, निर्देशांक ११५, म्हणजे १२१५ किलो. कंपनीचा मूळ टायर ११२चा, ११२० किलोचा आहे. तेव्हा तुम्ही मूळच्यापेक्षा खाली जात नाही. व्यास ३२.७ इंचावरून ३१.६वर येईल, मूळ ३०.६ आहे. गाडी उचलली म्हणजे टायर मोठाच पाहिजे असा काही नियम नाही. चाकाच्या वरची जागा थोडी जास्त मोकळी दिसेल, एवढंच.

स्पीडोमीटरही खोटं बोलायचं कमी होईल. आत्ता तो ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६४ने जात असता.

नक्षी ऑल-टेरेनच घ्या, पण रस्त्याकडे झुकणारी. भिंतीवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असेल तेच घ्या. सप्टेंबर ते मे आय-७०वर डॉटसेरो ते मॉरिसन जायचं तर फोर-व्हीललासुद्धा नक्षीची ३/१६ इंच खोली लागते, हे तुम्हाला माहीत असेलच.

'टक्'बद्दल: आधीच्या मालकाने पुढच्या स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरची जोडी) स्प्रिंगवर नुसती चकती घालून गाडी उचललेली असणार. त्यात स्ट्रट तोच राहतो, पण चाकाला खाली जायला जागा कमी उरते. खड्ड्यात चाक लोंबकळलं की स्ट्रट टोकाला जाऊन थडकतो. हे कुठल्याही टायरने जाणार नाही. टायर बदलून दोन महिने चालवा, मग त्याचं बघू.

हायवे_टायर_कोल्हापूर

ताई नमस्कार. कोल्हापुरात हायवेला आमचं टायरचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. वरच्या काकांनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त हाताचं सांगतो.

जुने टायर काढायच्या आधी तळहात नक्षीवरून फिरवा. आधी पुढून मागे, मग मागून पुढे. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट्या बाजूने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट गेलंय. आणि थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले, मटकीच्या वाटीएवढे, तर शॉकअ‍ॅब गेलेत. ते तसेच ठेवून नवीन टायर घातले तर तेही सहा महिन्यांत तसेच खाल्ले जातात. आमच्याकडे बोलेरो पिकअपवाले येतात, टायर खराब निघाला म्हणून भांडतात. चाक जॅकवर घेऊन दाखवलं की गप्प होतात.

दुसरं, रिम बाहेरची आहे ना? मधलं भोक टोयोटाच्या हबला बरोबर बसतं का बघा, १०६ मिलिमीटर. मोठं असेल तर मधे रिंग घाला. नाहीतर बॅलन्सिंग कितीही करा, ६० मैलांना थरथर राहणारच.

वाईची_माती

कोल्हापूर, हात फिरवला. मागच्या उजव्या टायरला खळगे लागले, अगदी सांगितलेत तसेच. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटांना लगेच कळलं. मागचे दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलायचं ठरवलं. रिमचं भोक ११० निघालं, रिंगा मागवल्या आहेत.

काका, एक राहिलं. स्पेअर अजून मूळचाच १६चा आहे. तो चालेल?

रबरात_२६_वर्षं

घराजवळ, दोन-चार मैल, हळू. खडीच्या रस्त्यावर पन्नास मैल आत असताना नको. मागच्या दोन चाकांचा व्यास वेगळा झाला की डिफरेन्शियल सारखं फिरत राहतं, त्याला ते सोसत नाही. पाच घ्या, आणि फिरवतानाही पाचही फिरवा. टायर बसवताना रोड-फोर्स बॅलन्सिंगचं यंत्र असलेलं दुकान शोधा. त्यात एक रोलर टायरवर गाडीच्या वजनासारखा दाब देतो. टायरचा कुठला भाग ताठ आहे ते त्यात कळतं. मग तो भाग रिमच्या खोलगट भागासमोर आणून बसवता येतो. साध्या यंत्राला हे दिसत नाही.

वाईची_माती

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

कॉन्टिनेंटलचे टेरेनकॉन्टॅक्ट ए/टी घेतले, २६५/७०आर१७, एसएल, ११५, पाच. बसवणं, रोड-फोर्स, कर, सगळं धरून चौदाशे डॉलरच्या आसपास गेले. एक टायर यंत्रावर जास्त दाखवत होता. पोराने तो रिमवर अर्धा फेर फिरवून परत चढवला, मग बसला. मागचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि अलाइनमेंट वेगळं.

भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात होता. दुकानातच जुनं चाक रिमसकट लटकवलं: ३७.४ किलो. तीच रिम, नवा टायर: ३०.१. एका चाकामागे सात किलो! रोज एवढं ओझं फुकट नाचवत होते.

दुकानाने पुन्हा ४०ची हवा भरून दिली होती. ती घरी येऊन सकाळी उतरवली. काकांनी निरोपात सांगितलेला खडूचा प्रयोगही केला. नक्षीवर आडवी जाड रेघ मारायची, गल्लीत सरळ दोनशे फूट गाडी चालवायची आणि उतरून बघायचं. ३८ला मधलाच खडू पुसला, दोन्ही कडा पांढऱ्या राहिल्या. ३५ला थोडं सुधारलं. ३२ला रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी पुसली गेली. दाराच्या स्टिकरशी ताडून बघितलं आणि तिथेच थांबले. थंडीत दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय उतरते, म्हणून आता दर रविवारी मोजते.

सांधे अजून कळतात, पण बोथट झालेत. आधी टणक वाजायचं, आता 'धप्' येतं आणि जातं. खडीवर ४५ला गाडी सरळ राहते. पेट्रोलही थोडं कमी लागतंय असं वाटतं, पण अजून नीट हिशेब केलेला नाही.

बाबा मागच्या शनिवारी आले. त्याच रस्त्याने आणलं. लव्हलंडच्या पुढे आल्यावर आरशात बघितलं तर मूठ सोडलेली होती, दोन्ही हात मांडीवर, आणि खिडकीतून ते कुणाच्या तरी मक्याच्या शेताकडे बघत होते. मला म्हणाले, "अगं, इथे पेरणी एवढ्या उशिरा का करतात?" मग घर येईपर्यंत आम्ही मातीवरच बोलत होतो.

पुढचा 'टक्' तसाच आहे. आणि हौदा रिकामा असला की मागून अजून उडते. खाली वाकून बघितलं तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जास्तीचा, नवा दिसणारा पाटा आहे. तो काढून टाकू का?

रबरात_२६_वर्षं

काढा. उंची वाढवायला तो घातलाय, आणि दीडशे किलोसाठी त्याची गरज नाही. मागचं टोक साधारण इंचभर खाली येईल, तेव्हा दिव्यांचा झोत पुन्हा लावून घ्या. पाटे बांधणारे यू-बोल्ट मात्र जुने परत वापरू देऊ नका. एकदा आवळल्यावर ते ताणले जातात. नवीन मागवा, आणि शे-दोनशे मैलांनी नट पुन्हा आवळून घ्या.

बाबांना सांगा, वेल्ड काउंटीत मे महिन्यातसुद्धा गोठणारं दहिवर पडतं.