मदत हवी आहे: युरेका ते मेंडोसिनो, वळणांचा त्रास कमी कुठल्या रस्त्याला?

नमस्कार मंडळी, मी ६७ आणि बायको ६४, दोघं रिटायर्ड, मुलीकडे अमेरिकेत पोर्टलंडला (ऑरेगन) आलोय. सप्टेंबरमध्ये अ‍ॅस्टोरियापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत किनाऱ्याने निवांत १२ दिवस जायचंय, मुद्दामच उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे समुद्र आपल्या उजव्या हाताला राहतो आणि थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. गाडी मीच चालवणार, इथे दोन महिने चालवतोय, लायसन्स-इन्शुरन्स सगळं बघितलंय, एकच अट की दिवसाला तीन तासांच्या वर ड्रायव्हिंग नको. ऑरेगनचं ठरलं, कॅनन बीच, न्यूपोर्ट, बँडन, तिथे हायवे १०१ वर फारसा प्रश्न नाही.

अडलंय ते कॅलिफोर्नियात, युरेकाच्या खाली. हिला घाटात गाडी लागते, लोणावळ्याला जातानासुद्धा गोळी घ्यावी लागते. मेंडोसिनो हे किनाऱ्यावरचं गाव मात्र तिला बघायचंच आहे आणि ते मला गाळायचं नाहीये. लेगेटहून हायवे १ धरला तर समुद्र येईपर्यंत नुसती वळणं म्हणतात. दुसरं म्हणजे १०१ नेच विलिट्सपर्यंत येऊन २० नंबरने मेंडोसिनोजवळच्या फोर्ट ब्रॅगला, किंवा अजून खाली क्लोव्हरडेलहून १२८ ने उलटं वर यायचं. मॅपवर वेळ कळते, वळणं कशी आहेत ते कळत नाही, मुलगी-जावई त्या बाजूला कधी गेलेले नाहीत. लांब पडलं तरी चालेल, मध्ये एक मुक्काम वाढवू.

गाडी लागणाऱ्या माणसाला घेऊन कोणी हे रस्ते स्वतः केलेत का, आणि तिघांतला कुठला सुसह्य वाटला?