बसडक्ट पावसात भिजलेत, मेगर ओके आलं तर चढवू द्यायचे का?

तुर्भेकर_सिव्हिल:
नमस्कार मंडळी. मी मूळचा सिव्हिलवाला, १२ वर्षं टॉवरच्या कामांवर काढली, मार्चपासून महापेला एका डेटा सेंटरच्या साइटवर क्यूसी बघतोय. स्लॅब, क्यूब, वॉटरप्रूफिंग डोळे मिटून सांगेन पण एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंगची कामं) मला नवीन आहे. परवा बसडक्टची (केबलऐवजी धातूच्या बारमधून वीज नेणारे बंद डक्ट) गाडी आली, स्टोअर भरलेलं म्हणून माल पोडियमवर ताडपत्रीखाली ठेवला आणि रात्रीच्या पावसात ताडपत्रीच उडाली. सकाळी एक पीस उचलायला लावला तर टोकाची प्लास्टिकची टोपी गायब आणि आतून पाण्याची धार लागली. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पुसून मेगर (इन्सुलेशनची टेस्ट) मारतो, ओके आलं की चढवतो, वर लेबलवरचं आयपी ५५ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) दाखवतो. प्लॅनिंगवाले मागे लागलेत कारण पुढच्या महिन्यात एल ४ टेस्टिंग आहे. आयटीपीत (तपासणीच्या प्लॅनमध्ये) होल्ड पॉइंट आहे, म्हणजे सही झाल्याशिवाय काम पुढे नाही, आणि सही माझी. काय करू?

ऐरोली_कमिशनिंग:
दादा, सही अजिबात करू नका. आयपी ५५ हे जॉइंट करून कव्हर लावलेल्या पूर्ण रनचं असतं, उघड्या टोकाच्या सुट्या पीसचं नाही. सँडविच बसडक्टमध्ये बार एकमेकांना चिकटून बसलेले, मध्ये फक्त इन्सुलेशन, तिथे टोकाकडून शिरलेलं पाणी फडक्याने निघत नाही. एका साइटवर आम्ही हेच केलं, अख्खा रायझर (वर मजल्यांवर जाणारी उभी लाइन) जोडला आणि मग मेगर मारलं, रीडिंग पडलेलं, आता कुठला पीस ते कसं कळणार? एकेक जॉइंट खोलत बसलो, ११ दिवस गेले आणि शेवटी तीनच पीस खराब निघाले. तेव्हापासून मी चढवायच्या आधी प्रत्येक पीसला मेगर आणि प्रत्येक जॉइंटनंतर परत मेगर, यात तडजोड करत नाही.

एमईपी_क्यूए_पुणे:
वरच्यांशी सहमत. शिवाय ही गोष्ट एल ४ ची नाहीच. एल १ फॅक्टरीत, एल २ माल साइटवर उतरताना, एल ३ स्टार्टअप, एल ४ एकेक सिस्टिम आणि एल ५ ला मेन बंद करून डीजी (डिझेल जनरेटर), यूपीएस, कूलिंग सगळं एकत्र. तुमचं घोडं एल २ लाच अडलंय. आजच एनसीआर (त्रुटीचा लेखी रिपोर्ट) काढा, सगळ्या पीसना लाल टॅग लावा, फोटोत सिरीयल नंबर दिसू दे. सुकवायचं कसं आणि किती तास ते कंपनीकडून लेखी घ्या, हॅलोजन लावून कोणी स्वतःच्या मनाने भाजायला बसू नका, इन्सुलेशन जाईल. मेगरचं रीडिंग फॅक्टरी टेस्ट रिपोर्टशी ताडून बघा, नुसतं ओके लिहिलेलं चालवून घेऊ नका. पुढे जॉइंटच्या बोल्टला टॉर्क मारल्यावर पेंटची खूण आणि लोड बँक (टेस्टसाठीचा कृत्रिम लोड) लावल्यावर थर्मोग्राफी (उष्णता दाखवणारे फोटो), गरम जॉइंट तिथे दिसतो.

प्लॅनर_ठाणे:
मी त्या मागे लागणाऱ्यांतलाच. आम्हाला तारीख लागते हो, नुसतं नाही म्हटलंत की आम्ही वर काय सांगणार? अमुक पीस अडकलेत, इतके दिवस सुकवायला, तोवर सपोर्ट आणि चिलर पाइपचं फ्लशिंग पुढे घ्या, असं लिहून दिलंत तर मी शेड्यूल हलवतो.

तुर्भेकर_सिव्हिल:
सगळ्यांचे मनापासून आभार. एनसीआर काढला, ४६ पीस टॅग केले. १४ पीसच्या टोप्या निघालेल्या होत्या, ते बॅटरी रूममध्ये वेगळे ठेवलेत, तिथे एसी चालू आहे. कंपनीचा माणूस गुरुवारी येतोय. सुकवल्यावर मेगर लगेच मारायचं की पीस थंड होऊ द्यायचा?

ऐरोली_कमिशनिंग:
थंड होऊ द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी दमट हवेत परत एकदा मारा आणि दोन्ही रीडिंग तापमानासकट लिहा. आणि बॅटरी रूममधून बॅटऱ्या यायच्या आधी ते पीस हलवा.