दंड की लूट? (कॅश अॅपवरून पेटलेला वाद)

हिशेबी: कालच्या धाग्यात एका महाशयांनी लिहिलं, "लोकांचे पैसे पाठवायच्या धंद्यात परवाना घेणाऱ्यालाच सरकार लुटतं, बिनपरवान्याचे मजेत." उत्तर तिथे मावेना, म्हणून वेगळा धागा. १५ जानेवारी २०२५ ला अमेरिकेतल्या ४८ राज्यांनी मिळून कॅश अॅप हे पैसे पाठवायचं अॅप चालवणाऱ्या 'ब्लॉक' कंपनीला ८ कोटी डॉलर दंड भरायला लावले. ग्राहक कोण, पैसा कुठला, याची तपासणी ढिली होती म्हणून. शिवाय बाहेरचा सल्लागार नेमा, नऊ महिन्यांत त्याचा अहवाल द्या, पुढच्या वर्षभरात त्रुटी दुरुस्त करा. ही लूट?

उंटावरचा: महाशय मीच. दुसऱ्याच दिवशी सीएफपीबीचे (ग्राहकांच्या पैशांच्या तक्रारी बघणारी तिथली केंद्रीय संस्था) साडेसतरा कोटी, एप्रिलमध्ये न्यूयॉर्कचे आणखी चार. एका म्हशीला गवळी किती?

हिशेबी: साडेसतरातले बारा कोटींपर्यंत ग्राहकांना परत द्यायचे होते. ते बरं विसरलात!

मी_मध्येच: दंडाचं राहू द्या. माझे बाराशे डॉलर अशाच एका परवानेवाल्या कंपनीत अकरा दिवस अडकले. वडिलांच्या ऑपरेशनसाठी पाठवत होते. फोन केला की एकच वाक्य: "व्यवहार तपासणीत आहे." का, ते सांगणार नाहीत. शेवटी भावाने मित्राकडून उसने घेतले.

फाईलवाली: अशाच कंपनीच्या तपासणी विभागात नऊ वर्षं काढली आहेत. संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट सरकारकडे गेला असेल, तर ग्राहकाला तसं सांगायला कायद्यानेच बंदी आहे. फोनवरच्या मुलीला तर कारण माहीतही नसतं, तिच्या स्क्रीनवर नुसतं 'होल्ड' दिसतं. आणि खरं सांगू? कुठेही मोठा दंड झाला की आमच्याकडे वरून निरोप येतो, शंका आली की अडवा. मग पगाराचे पैसेही अडकतात.

उंटावरचा: ऐका! दंड कंपनीला, फाशी ताईंना.

मी_मध्येच: ताई म्हणू नका. तुमच्या बाजूने बोलत नाहीये मी.

हिशेबी: सगळंच सोडून द्यायचं का मग? एप्रिल २०२१ मध्ये एसीआय या पेमेंट हाताळणाऱ्या कंपनीने चाचणीत ग्राहकांचा खरा डेटा वापरला आणि सुमारे २.३ अब्ज डॉलरचे गृहकर्जाचे हप्ते वसूल करायचे आदेश सुटले. माणसं सकाळी उठून बघतात तर खात्यात खडखडाट.

उंटावरचा: परवाना होता ना त्यांच्याकडे? मग काय दिवे लावले त्या परवान्याने?

हिशेबी: निदान मानगूट धरता आलं! सिनॅप्स आठवतंय? अॅप आणि बँका यांच्या मधली कंपनी. स्वतः बँक नाही, पण ग्राहकांच्या पैशांच्या नोंदी त्यांच्याकडे. २०२४ मध्ये दिवाळं निघालं आणि साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरचा मेळच लागेना. घ्या तुमचे मजेतले.

उंटावरचा: बरं बाबा, 'मजेत' शब्द मागे. 'लूट' राहू दे. एक मोंटाना सोडलं तर राज्याराज्यांत वेगळा परवाना, वेगळी फी, वेगळा तपासनीस. त्यावर बोला की.

मी_मध्येच: बोला निवांत. त्या अकरा दिवसांचं व्याज मिळतं का, एवढं सांगा कुणीतरी.

फाईलवाली: आमच्याकडे तरी कुणाला मिळालेलं पाहिलं नाही.