मदत हवी आहे: केमोआधी शुक्राणू गोठवण्याबद्दल

धाकट्या भावाची केमो पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. त्याआधी वीर्य गोठवून ठेवा, असं डॉक्टरांनी सुचवलं. त्याचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे विषय निघताच घरात सगळ्यांची दातखीळ बसली होती.

लॅबने थोडा नमुना गोठवून, परत वितळवून पाहिला. ताज्या नमुन्यात ४५ टक्के शुक्राणू हलत होते, वितळवल्यावर २०. हे अपेक्षितच म्हणे. गोठताना पेशी वाचाव्यात म्हणून ग्लिसरॉल घातलं तरी बर्फाच्या स्फटिकांनी पेशीच्या आवरणाला इजा होतेच. एकदा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गेले की वर्षं किती उलटली याने फारसं बिघडत नाही, नुकसान होतं ते गोठवताना आणि वितळवताना, एवढं कळलंय.

आता प्रश्न. इक्सीमध्ये, म्हणजे लॅबमध्ये सुईने शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडतात त्या पद्धतीत, एका स्त्रीबीजाला एकच जिवंत शुक्राणू पुरतो, मग हालचाल घटल्याची काळजी कितपत करायची? डीएनए तुटण्याची तपासणी करून घ्यावी का? केमो लांबवता येणार नाही. मधल्या दिवसांत आणखी नमुने द्यावेत, की आहे ते पुरे? गोठवलेल्या नमुन्यावर ज्यांनी पुढे उपचार घेतलेत, त्यांनी कृपया सांगा. मेसेज केलात तरी चालेल, भाऊही वाचतोय.